टॉवेल कुणाच्या हातात

माझ्याकडे बॉक्सिंग शिकायला येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मुलाने एक राउंड मोबाइलवर पाहिलेला असतो. दिएगो कोरालेस विरुद्ध होसे लुईस कास्तियो, लास व्हेगास, ७ मे २००५, दहावा राउंड. दोनदा खाली पडलेला माणूस उठतो आणि त्याच राउंडमध्ये जिंकतो. मुलं ते पाहून येतात आणि म्हणतात, "सर, असं लढायचंय."

मी स्वतः हौशी बॉक्सिंगमध्ये साठ किलो गटात लढलो. पुढे शिकवायला लागलो. आमच्यातली काही मुलं व्यावसायिक झाली तेव्हा त्यांच्या कॉर्नरमध्ये बादली, बर्फ आणि टॉवेल घेऊन उभा राहिलो. कोरालेसच्या मी मागे लागलो तो मात्र त्या एका राउंडमुळे नाही. त्याची सगळी कारकीर्द मी पुन्हा पुन्हा पाहिली, कारण लाइटवेट बॉक्सरच्या वाट्याला जे जे येतं ते सगळं त्याच्या २९ वर्षांच्या आयुष्यात येऊन गेलं. कॉर्नरमध्ये उभं राहून मला जे कळलं ते त्याच्या लढतींशेजारी ठेवून लिहितो आहे. मुलांसाठी कमी, त्यांच्या कोचसाठी आणि घरच्यांसाठी जास्त.

१. पहिली लढत काट्याशी असते, आणि ती आठवडाभर चालते.

व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये लाइटवेटची मर्यादा १३५ पौंड, म्हणजे ६१.२ किलो. या गटातला बॉक्सर एरवी ६१ किलोचा नसतो. सरावात तो ६६-६७ चा असतो, कधी त्याहून जास्त. लढत जवळ आली की आधी भात-पोळी कमी होते, मग मीठ जातं, मग पाणी. शेवटच्या दोन दिवसांत प्लॅस्टिकचा सूट घालून दोरीउड्या, बंद न्हाणीत गरम पाण्याची वाफ, तोंडात च्युइंगगम ठेवून डब्यात थुंकत राहणं. हे सगळं अंगातलं पाणी काढण्याचं काम आहे. चरबी दोन दिवसांत जात नाही.

कोरालेस सहा फुटांच्या जवळपास उंच होता. एवढ्या उंचीचा माणूस सुरुवातीला १३० पौंडांत, म्हणजे ५९ किलोत लढायचा आणि १९९९ मध्ये त्याच गटात आयबीएफ या संघटनेचा जगज्जेता झाला. उंची आणि लांब हात यांचा खालच्या गटात फायदा मिळतो, म्हणून हे करतात. फायदा खरा आहे, आणि त्याची किंमतही तितकीच खरी आहे.

आमच्या स्पर्धांना येणारे एक डॉक्टर मुलांना नारळ दाखवून समजावतात. नारळातलं पाणी आटलं की खोबरं करवंटीपासून सुटतं आणि आत खडखडतं. अंगातलं पाणी कमी असताना डोक्याला मार बसला तर मेंदूला आणि मेंदूवरच्या बारीक शिरांना इजा होण्याचा धोका वाढू शकतो, एवढं मुलांना त्यातून लगेच कळतं.

वजन उतरवणारा मुलगा चिडका होतो, जेवणाच्या ताटावरून भांडतो. ते चालतं. पण तो गप्प झाला, दोरी पायात अडकायला लागली, साध्या प्रश्नाचं उत्तर द्यायला वेळ घ्यायला लागला, की मी त्याला पाणी पाजतो आणि आयोजकांना फोन करतो. लढत गेली तर गेली. मर्यादेपेक्षा ज्याचं रोजचं वजन सतत चार-पाच किलो वर राहतं, त्याला मी वरच्या गटात नेतो. तिथे त्याच्यापेक्षा ताकदीची मुलं भेटतात, हरतोही कधी कधी. पण पाणी पिऊन हरतो.

२. वेळेवर थांबवलेला पराभव पुढची कारकीर्द देतो.

२० जानेवारी २००१. लास व्हेगास. कोरालेस विरुद्ध फ्लॉइड मेवेदर, दोघेही तोवर अपराजित. कोरालेस २३ वर्षांचा. मेवेदरने त्याला पाच वेळा खाली पाडलं. दहाव्या राउंडमध्ये पाचव्यांदा पडल्यावर कॉर्नरमध्ये असलेले त्याचे सावत्र वडील रे वूड्स यांनी लढत थांबवायला लावली. कोरालेस भयंकर संतापला. तो उभा होता, त्याला लढायचं होतं, आणि आपल्याच माणसाने आपल्याला हरवलं असं त्याला वाटलं. कॅमेऱ्यासमोर त्याने ते लपवलंही नाही.

ही लढत मुलं पाहत नाहीत. मी मुद्दाम दाखवतो. मेवेदरच्या चपळाईसाठी नाही, त्या सावत्र वडिलांसाठी. गुणांवर ती लढत कधीच हातची गेली होती. मेवेदर थकलेला नव्हता. राहिलेल्या राउंडमध्ये कोरालेसला मिळण्यासारखं काही नव्हतं आणि गमावण्यासारखं बरंच होतं. वूड्स यांनी तो हिशेब मुलाच्या रागाची पर्वा न करता केला.

मला वाटतं, २००५ चा तो दहावा राउंड जगाला पाहायला मिळाला तो २००१ च्या दहाव्या राउंडमुळे. शेवटपर्यंत मार खाल्लेला बॉक्सर परत येतो खरा, पण तोच माणूस म्हणून येत नाही. त्याचे पाय उशिरा हलतात, येणारा फटका त्याला दिसतो पण चुकवता येत नाही. कोरालेस पुरता शाबूत परत आला.

३. रिंगमधलं धैर्य घरच्या वागण्याची भरपाई नाही.

मेवेदरशी हरल्यावर कोरालेस तुरुंगात गेला. पत्नीला मारहाण केल्याच्या गुन्ह्यासाठी त्याने चौदा महिने काढले. त्याच्या शौर्यावर लिहिणारे बरेच जण हे एका ओळीत उरकतात. मला ते जमत नाही. हात चालवायला शिकवणाऱ्या माणसावर ही जबाबदारी जास्त येते. घरात किंवा रस्त्यावर हात उचलणाऱ्या मुलासाठी माझ्या हॉलचं दार बंद होतं, मग तो कितीही गुणी असो.

४. ज्याने स्वतः माघार घेतली त्याला जग माफ करत नाही. म्हणून ते काम त्याच्यावर सोडू नये.

ऑगस्ट २००४ मध्ये कोरालेसने डब्ल्यूबीओचं लाइटवेट विजेतेपद मिळवलं ते ब्राझीलच्या असेलिनो फ्रेइतासकडून. फ्रेइतास तोवर एकही लढत हरला नव्हता. आठव्या, नवव्या आणि दहाव्या राउंडमध्ये तो पडला आणि मग त्याने स्वतःच पुढे लढायला नकार दिला. शहाणा निर्णय. पण त्याच्यावर जी टीका झाली ती पाहून कोणताही तरुण बॉक्सर एकच धडा घेईल, की काही झालं तरी नाही म्हणायचं नाही.

पनामाचा रोबेर्तो दुरान १९७२ ते १९७९ या काळात लाइटवेटचा जगज्जेता होता. या गटात त्याच्या तोडीचा दुसरा झाला नाही असं मानणारे पुष्कळ आहेत, मीही त्यांतलाच. पुढे वरच्या गटात जाऊन त्याने जून १९८० मध्ये शुगर रे लिओनार्डला हरवलं. मग मेजवान्या झाल्या, वजन भरमसाट वाढलं, आणि नोव्हेंबरमधल्या दुसऱ्या लढतीसाठी ते घाईघाईने उतरवावं लागलं. न्यू ऑर्लिन्सला आठव्या राउंडमध्ये दुरानने पाठ फिरवली आणि लढत सोडली. शंभरावर लढती जिंकलेल्या माणसाला लोक अजून त्या एका रात्रीवरून ओळखतात.

म्हणून मी मुलाला विचारत नाही, "पुढे लढणार का?" त्याचं उत्तर ठरलेलं असतं. चांगला बॉक्सर 'हो'च म्हणतो, त्यासाठीच तर आपण त्याला घडवलेलं असतं. मी विचारतो, "कितवा राउंड चालू आहे? त्याचा कुठला हात जास्त लागतोय? आता काय करणार?" तिन्हीची उत्तरं नीट आली तर पाणी, बर्फ, व्हॅसलीन, आणि जा.

व्यावसायिक लढतीचा करार झाला की मी आणखी एक गोष्ट करतो. मुलगा, आई-वडील, लग्न झालेलं असेल तर बायको, सगळ्यांना एकत्र बसवतो आणि सांगतो: थांबवायचा निर्णय माझा. त्या वेळी तुम्ही ओरडाल, तो मला शिव्या देईल, तरी माझाच. पटत असेल तर पुढे जाऊ. एका घरी वडिलांना पटलं नाही. तो मुलगा दुसऱ्या कोचकडे गेला. मला वाईट वाटलं, पण अट सैल केली नाही.

५. दहावा राउंड नीट पाहा.

कोरालेस आणि कास्तियो त्या दिवशी नऊ राउंड एकमेकांच्या कपाळाला कपाळ लावून लढले. कोरालेसचे डोळे सुजून बंद व्हायला आले होते. दहाव्यात कास्तियोचा डावा हुक बसला आणि कोरालेस पडला. गमशील्ड बाहेर. उठला. पुन्हा पडला, गमशील्ड पुन्हा बाहेर. रेफरी टोनी वीक्स यांनी त्याचा एक गुण कापला आणि गमशील्ड धुऊन घालायला कॉर्नरकडे पाठवलं. तिथे जो गूसेन हा कोच होता. त्याने त्याला सांगितलं की आता आत घुसण्यावाचून गत्यंतर नाही. गमशील्डच्या निमित्ताने कोरालेसला श्वास घ्यायला काही सेकंद मिळाले, आणि त्यावरून आजही वाद होतो. मग त्याचा उजवा हात कास्तियोच्या जबड्यावर बसला, कास्तियो दोरांवर रेलला, त्याचे हात खाली गेले, आणि वीक्स यांनी लढत थांबवली.

हे पाहून माझ्या अंगावर आजही काटा येतो. इतकी सुंदर लढत माझ्या पाहण्यात दुसरी नाही.

पण याच लढतीने कोचचं काम अवघड करून ठेवलं आहे. लढत थांबवायला टॉवेलकडे हात गेला की कुणीतरी म्हणतं, "कोरालेस उठला होता ना?" उठला होता. पण दोनदा पडल्यानंतरही तो काय करत होता ते पाहा. तो रेफरीकडे बघत होता, गूसेनचं ऐकत होता, आणि ऐकलेलं करत होता. वार खातानाही त्याचा फटका नेम धरून जात होता. पाय डगमगत होते, डोकं ठिकाणावर होतं. गूसेनने त्याला पुढे जाऊ दिलं ते हे ओळखून, असं मी मानतो. उठून उभं राहणं हा पुरावा नव्हे. बेशुद्धीच्या काठावरची मुलंही सवयीने उठतात.

आणि कास्तियोकडेही पाहा. शेवटच्या क्षणी तो उभाच होता. वीक्स यांनी त्याला पडण्याची संधी दिली नाही. आपल्याकडे त्या राउंडमधला कोरालेसचा पराक्रम सांगतात. रेफरीने वेळेवर घातलेली ती मिठी सांगत नाहीत.

६. ज्या लढतीत कुणीच थांबवत नाही, तीही लाइटवेटचीच आहे.

१३ नोव्हेंबर १९८२. लास व्हेगासच्या सीझर्स पॅलेसमध्ये, उघड्या मैदानात, दिवसाढवळ्या. अमेरिकेचा रे मॅन्सिनी आणि दक्षिण कोरियाचा किम दुक-कू. किम गरिबीतून वर आलेला. १३५ पौंडांत बसायला त्याला फार जड गेलं होतं. सुरुवातीचे राउंड बरोबरीचे झाले. नंतर मॅन्सिनीचा मारा वाढत गेला, तेराव्यात तर किमने फार फटके खाल्ले. तरी तो परत मारत होता, म्हणून लढत चालू राहिली. चौदाव्याच्या सुरुवातीला मॅन्सिनीच्या उजव्या हाताने तो पडला, दोर धरून उठला, आणि रेफरी रिचर्ड ग्रीन यांनी लढत थांबवली. थोड्याच वेळात किम कोमात गेला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. शस्त्रक्रिया झाली, पण तो काही दिवसांतच गेला. पुढच्या काही महिन्यांत त्याच्या आईने जीव दिला, आणि नंतर ग्रीन यांनीही.

मॅन्सिनीचे वडीलही लाइटवेट बॉक्सर होते. दुसऱ्या महायुद्धात जखमी झाल्यामुळे त्यांची जगज्जेतेपदाची संधी हुकली होती, आणि मुलगा त्यांच्यासाठी लढत होता. त्याने नियम मोडला नव्हता, त्याचा काही दोष नव्हता. १९८४ मध्ये त्याचं विजेतेपद गेलं. तो तोवर पूर्वीसारखा राहिला नव्हता हे त्याच्या लढतींत दिसतं. दुसऱ्याचं आयुष्य संपलेलं पाहिलेल्या मुलाला तुम्ही पुन्हा मोकळ्या हाताने मारायला सांगू शकत नाही. म्हणून मी जेव्हा टॉवेल टाकतो तेव्हा समोरच्या मुलालाही वाचवत असतो.

किमच्या मृत्यूनंतर डब्ल्यूबीसीने जगज्जेतेपदाच्या लढती पंधरावरून बारा राउंडवर आणल्या, आणि पुढच्या काही वर्षांत इतर संघटनांनीही. वजनही पूर्वी लढतीच्याच दिवशी व्हायचं, ते पुढे आदल्या दिवशी होऊ लागलं, म्हणजे बॉक्सरला खाण्यापिण्याला वेळ मिळावा. हेतू चांगला होता. पण एक दिवस हाताशी आहे म्हटल्यावर लोक आणखी पाणी काढायला लागले. फेब्रुवारी २००० मध्ये आर्तुरो गॅटी आणि जोई गमाश यांची लढत झाली. गमाश हा लाइटवेटचा माजी जगज्जेता. काट्यावर दोघे जवळपास सारखे. पण लढतीच्या रात्री रिंगमध्ये गॅटी काट्यावरच्या वजनापेक्षा जवळपास साडेआठ किलोंनी जास्त भरलेला होता. दुसऱ्याच राउंडमध्ये गमाश बेशुद्ध पडला आणि त्याची कारकीर्द तिथे संपली.

७. वजनात एकदा सूट दिली की ती आपल्याच मुलाच्या अंगावर येते.

कोरालेस-कास्तियो दुसऱ्यांदा ऑक्टोबर २००५ मध्ये समोरासमोर आले. कास्तियो साडेतीन पौंड जास्त भरला. विजेतेपद पणाला लागणार नाही असं ठरलं, लढत मात्र झाली. तिकिटं विकली गेली होती, पैसा ठरला होता. चौथ्या राउंडमध्ये कोरालेस खाली गेला आणि उठू शकला नाही. तिसरी लढत जून २००६ मध्ये ठरली. कास्तियो साडेचार पौंड वर. या वेळी लढत रद्द झाली, आणि तेच योग्य झालं.

त्यानंतर चारच महिन्यांनी योएल कासामायोरविरुद्धच्या लढतीआधी खुद्द कोरालेसचं वजन चार पौंड जास्त निघालं. विजेतेपद त्याने काट्यावरच गमावलं, आणि मग लढतही. त्याच्यावर बेशिस्तीचा ठपका आला. मला त्यात शरीराचं म्हणणं दिसतं. २१ व्या वर्षी जे शरीर निमूटपणे पाणी सोडतं ते २९ व्या वर्षी सोडत नाही. दरवर्षी नव्याने विचार करावा लागतो, आणि तो लढत ठरण्याआधी.

८. पैशाची गोष्ट पहिल्याच दिवशी, कागदावर.

५ ऑगस्ट २०१७ ला विजेंदर सिंग वरळीच्या एनएससीआयमध्ये लढला. तो झगमगाट पाहून आमच्याकडच्या कितीतरी मुलांना व्यावसायिक व्हायचं होतं. होऊ देत. पण आपल्याकडे सुरुवातीच्या चार राउंडच्या लढतीचं मानधन सरावाच्या महिन्यांचा खुराकही भागवत नाही. अमेरिकेत मॅनेजरचा वाटा मिळकतीच्या एक तृतीयांशापर्यंत जातो, कोचचा साधारण दहावा हिस्सा असतो, वर सरावाचा खर्च. मी मुलांना खेळाडूंच्या कोट्यातली नोकरी आधी धरायला लावतो. पोटाची चिंता असलेला बॉक्सर नको ती लढत घेतो, पुरेशी विश्रांती न घेता घेतो, नको त्या वजनात घेतो.

कोरालेसची शेवटची लढत एप्रिल २००७ मध्ये झाली, वेल्टरवेटमध्ये, म्हणजे लाइटवेटच्या दोन गट वर. समोर जोशुआ क्लॉटी हा जन्मजात वेल्टरवेट. कोरालेस पडला, उठला, गुणांवर हरला. महिनाभराने, ७ मे २००७ रोजी, लास व्हेगासमध्ये मोटरसायकलच्या अपघातात तो गेला. कास्तियोला हरवल्याला त्या दिवशी बरोबर दोन वर्षं झाली होती.

९. थांबवलेल्या मुलाशी भांडण होणारच. ते होऊ द्यावं.

आमच्या एका मुलाची लढत मी थांबवली तेव्हा तो गुणांवर पुढे होता. पण डावा हात हनुवटीपासून खाली खाली येत होता, आणि दोन राउंडमध्ये त्याने मला एकच प्रश्न दोनदा विचारला. गावाहून गाडी भरून माणसं आली होती. तो माझ्याशी कित्येक महिने बोलला नाही. आज तो पोलिसात आहे, भेटतो, नमस्कार करतो. आपण ती लढत जिंकलो असतो असं त्याला अजूनही वाटतं. जिंकला असताही कदाचित. मी त्याच्याशी वाद घालत नाही.

१०. लढत संपल्यावरची रात्र कॉर्नरचीच असते.

डोक्याला बसलेला मार वर्षांनुवर्षं साठत जातो हे वैद्यकशास्त्राला १९२८ पासून माहीत आहे. हॅरिसन मार्टलंड या अमेरिकन डॉक्टरांनी त्या वर्षी बॉक्सरांच्या अडखळत्या चालीवर आणि मंदावलेल्या बुद्धीवर पहिल्यांदा लिहिलं. त्यातला बराच मार लढतीत नाही, सरावात बसतो. म्हणून आमच्याकडे डोक्यावर जोर लावून स्पारिंग होत नाही, आणि लढतीत खाली पडलेला मुलगा डॉक्टरांनी लेखी परवानगी दिल्याशिवाय ग्लव्ह्ज घालत नाही. तो हसत असला तरी, स्पर्धा तोंडावर आली असली तरी.

घरच्यांना मी एक कागद देतो. डोकेदुखी वाढत गेली, उलटी झाली, बोलणं जड झालं, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसली, नेहमीपेक्षा गाढ झोपला आणि हाक मारून उठेना, तर सकाळची वाट पाहायची नाही. कागदाच्या खाली मेंदूची शस्त्रक्रिया होते अशा सर्वांत जवळच्या हॉस्पिटलचा फोन नंबर असतो. तालुक्याच्या ठिकाणी लढती ठेवतात तेव्हा हे हॉस्पिटल कधी कधी दीड-दोन तासांवर असतं, आणि आयोजक म्हणतात, "सर, काही होत नाही हो." मी रस्ता विचारून घेतो, ड्रायव्हरशी बोलून घेतो. हॉलच्या दारात अ‍ॅम्ब्युलन्स उभी राहिल्यावरच मुलाच्या हाताला बँडेज बांधायला बसतो.